गोणीची शिवण

ता. ४ जून

प्रिय टाचणी,

तुझं कार्ड मिळालं. ‘सुखरूप पोचले, काळजी नसावी.’ बस, एवढंच? लग्न आठ दिवसांवर आलेलं असताना पिशवी उचलून लढाईच्या दवाखान्यात निघून गेलेल्या मुलीने निदान पानभर तरी लिहावं की नाही? घरात तुझ्या बाजूची मी एकटी, आणि मलाच तू कार्डावर भागवतेस!

आता इथलं ऐक. मुलाकडच्यांनी दुसऱ्याच दिवशी निरोप धाडला, “परक्या पुरुषांची अंगं पुसायला गेलेली मुलगी आम्हाला नको.” आत्याबाई दोन दिवस मुक्कामाला येऊन राहिल्या. सकाळी उठल्यापासून एकच पालुपद, “मी म्हणतच होते, त्या मदरच्या शाळेत घालू नका.” मीही त्याच शाळेत शिकले हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा म्हणाल्या, “तू नाही गं, तू गरीब आहेस.” तुझा दादा नेहमीसारखा मान खाली घालून मशीन चालवत राहिला.

तू गेलीस त्या दुपारी मामंजी खाली दुकानात गेले, मापांची वही काढली आणि तुझं पान फाडलं. त्या वहीतलं पान कधी फाडतात ते तुला सांगायला नको. गिऱ्हाईक वारलं की. सासूबाईंचं पान फाडताना मी त्यांना पाहिलं होतं, तेव्हा कडा वेडीवाकडी आली होती. तुझं मात्र पट्टी लावून फाडावं तसं सरळ फाडलं. मग एवढंच म्हणाले, “परक्या माणसांचे कपडे फाडायला मी हिला शिवण शिकवली? हिची पत्रं या घरात वाचायची नाहीत.”

मी ‘बरं’ म्हटलं. जिना काही घरात मोडत नाही. घर वर, दुकान खाली, जिना मधला. तेव्हा तुझं कार्ड मी सहाव्या पायरीवर बसून मोठ्याने वाचलं. खाली मशीनचा आवाज थांबला होता. म्हणून म्हणते, पुढच्या वेळी मोठं पत्र लिही. एवढ्याशा कार्डासाठी मशीन थांबवायला म्हाताऱ्या माणसाला लाज वाटते.

तुझ्या पिशवीत तळाशी छोटी कात्री मी घातली होती. सापडली ना?

तुझी,
वहिनी


ता. २७ जून

प्रिय वहिनी,

कात्री सापडली, आणि माझं नशीब त्या कात्रीनेच ठरवलं.

आमचा दवाखाना एका शाळेत आहे. बाकं बाहेर अंगणात रचून ठेवलीत, वर्गांत खाटा. माझ्या वर्गाच्या फळ्यावर कोणीतरी काढलेली बेरीज अजून तशीच आहे, पुसायला कोणाला सवड नाही. इथल्या मुख्य डॉक्टर एक बाई आहेत, त्यांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणतात. आम्ही स्वयंसेविका दहा-अकरा. शिकलेल्या नर्सेस तीनच, त्या आमच्याकडे नवी मोलकरीण बघावी तशा बघतात. पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी रांगेत उभं करून एकेकीला विचारलं, “तुला काय येतं?” मी म्हटलं, “शिवण येते.” त्या म्हणाल्या, “मग उसवताही येत असेल.”

तेव्हापासून मी दारात उभी असते. स्ट्रेचर आत आलं की माणसाच्या अंगावरचे कपडे कापून काढायचे, म्हणजे जखम कुठे आहे ते दिसतं. लाज पहिल्या दिवशी दुपारपर्यंत टिकली. नंतर वेळच मिळाला नाही, वहिनी. माणूस हात धरून ‘आई’ म्हणत असतो, तेव्हा तो परका आहे की कोण, हे कोणाच्या मनातही येत नाही. आत्याबाईंना सांगून उपयोग नाही, तुला सांगते.

आता कामाचं. शर्ट कापायला सोपा. खरी अडचण पँटची. जाड कापड, त्यात रक्ताने आणि चिखलाने ताठ झालेलं, आणि बाहेरच्या बाजूची दुहेरी दाबशिवण. कात्री तिथे अडते. परवा एकाच्या मांडीतून रक्त जात होतं. मोठ्या बाई ओरडत होत्या, “उघड लवकर!” आणि मी कात्रीशी झगडत होते. कापड उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता.

आणि हे फक्त तुझ्यासाठी, जिन्यात वाचू नकोस. काल एका पँटचा पट्टा उलटला तर आत निळ्या दोऱ्याची फुली. आपल्या दुकानाची खूण! इतक्या लांब, वहिनी! मला रडूच आलं. त्याच पँटच्या शिवणीवरून कात्री घसरली आणि डाव्या तळहाताला जरासं लागलं. बाबा म्हणतात ना, “कापड फाटेल, पण माझी शिवण फाटणार नाही.” अगदी खरं आहे. त्यांना सांगू नकोस, वाटेल मी दोष काढतेय.

पण एवढं मात्र वाचून दाखव: धान्याची गोणी कशी शिवतात? एका दोऱ्याची साखळी. योग्य टोक धरून ओढलं की सगळी शिवण सर्रकन उघडते. पँटची बाहेरची शिवण तशी घालता येणार नाही का? घालणाऱ्याला एरवी काही फरक पडायचा नाही. पडला तर आमच्या दारात.

तुझी,
टाचणी


ता. १५ जुलै

प्रिय टाचणी,

वाचून दाखवलं. पहिलं पान ऐकेपर्यंत मशीन बंद होती. गोणीचं आलं आणि खालून धाडकन पायडल चालू झालं. रिकामंच, सुईखाली कापड नव्हतं, आवाजावरून मला कळतं.

जेवताना मामंजींनी भिंतीला सांगितलं, “चाळीस वर्षं या दुकानातून कच्चा टाका बाहेर गेला नाही. मी गोणपाट शिवणारा नाही.” तुझा दादा चाचरत म्हणाला, “पण बाबा, तिथे माणसं...” मामंजी म्हणाले, “सैनिकाची पँट चालताना उसवली तर तो काय शिवण धरून पळेल? ज्याला कपडा घालून उभं राहायचंय त्याचा विचार शिंप्याने करायचा.”

खरं सांगू? त्यांचंही मला पटलं. आणि तुझंही पटलं. रात्रंदिवस इथे सैन्याच्या पँटीच चालल्यात, दुसरं काम नाही. प्रत्येक शिवणीवरून हात फिरवताना तो मांडीतून रक्त जाणारा माणूस आठवतो. तू हे मला लिहायला नको होतंस, असं एक मन म्हणतं.

हाताला हळद लाव. ‘जरासं लागलं’ हे तुझं लहानपणापासूनचं मी ओळखते.

तुझी,
वहिनी


ता. २ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझी तिन्ही पत्रं एकदम वाचली. उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नकोस, ताप आला होता. बरेच दिवस होता. आता उतरलाय. अशक्तपणा आहे, दुसरं काही नाही.

माझं काम बदललंय. आता कात्री दुसऱ्या मुलीकडे दिली. मी दारात टेबलावर नोंद ठेवते. कोण आला, जखम कुठे, कुठल्या वर्गात नेला. ज्यांना घरी पत्र लिहायचंय त्यांची पत्रंही लिहून देते. इथे सगळे माझं अक्षर बघून खूश आहेत, मदरच्या छडीचा गुण.

मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, घरी जायचं असेल तर गाडीची सोय करते. मी नको म्हटलं. कुठल्या घरी जाऊ? वहीत माझं पान नाही.

बाबांना म्हणावं, त्यांचं बरोबर आहे. मी उगाच सुचवलं.

तुझी,
टाचणी


ता. १४ सप्टेंबर

प्रिय टाचणी,

अक्षर चांगलं म्हणे! पत्रातल्या ओळी बघ जरा, सगळ्या उतरणीला लागल्यात. कागद काय बोटीवर ठेवून लिहिलास? मदरनी बघितलं असतं तर शंभर ओळी पुन्हा लिहायला लावल्या असत्या. आणि ताप कसला, किती दिवस, औषध काय, काहीच नाही.

पण आज तुला ओरडायचा मला हक्क नाही. माझ्या हातून फार मोठी चूक झालीय.

तुझं पत्र येत नव्हतं. मला वाटलं, तू रुसलीस. जिन्याखाली ती जुनी एकदोरी मशीन पडलीय ना, तिला तेल घातलं. मामंजी दुपारी पडतात तेवढ्या वेळात रोज दोन-तीन पँटींची बाहेरची शिवण मी साखळीने घातली. अशा चाळीस झाल्या. तुझ्या दादाला कळलं होतं. त्याने त्या चाळीस गठ्ठ्यात मधोमध बांधल्या.

परवा सैन्याच्या कपड्यांचे तपासणीस साहेब तो गठ्ठा घेऊन दारात. कवायत चालू असताना एकामागून एक पँटी घोट्यापासून वर उघडत गेल्या म्हणे. अधिकाऱ्यासमोर! बुटाच्या नाडीत दोऱ्याचं टोक अडकलं, पाय उचलला की सर्रकन. साहेब रस्त्यावर उभे राहून ओरडत होते, सगळी आळी ऐकत होती. “कोणी शिवलं हे?” मी पुढे झाले, तोवर मामंजी म्हणाले, “माझ्या दुकानात मीच शिवतो.”

चाळीस वर्षांचं नाव, टाचणी. आणि ते मान खाली घालून उभे.

साहेब गेल्यावर मी सगळं कबूल केलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक पँट उचलली, पुन्हा पुन्हा उलटी-सुलटी केली, आणि आत नेऊन ठेवली. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. आता या घरात न बोलायच्या माणसांत तू आणि मी दोघी.

थंडी येतेय, हातमोजे विणून सोबत पाठवलेत. दुसरं मला काय येतं?

तुझी,
वहिनी


ता. ३० सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. बाबा मान खाली घालून उभे, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. माझ्यामुळे झालं हे. मी तिथून निघाले ते निघाले, वर इथून हात लांब करून त्यांचं नावही पुसलं.

तू काही करू नकोस आता. त्यांच्या पाया पड आणि सांग, पुन्हा असं होणार नाही. मी इथून पुन्हा काही मागणार नाही.

हातमोजे फार ऊबदार आहेत. एक मी वापरते. डावा एका सैनिकाला दिला. त्याचा उजवा हात गेलाय, त्याला डाव्याच हाताला लागतो. तो म्हणाला, “ताई, जोडी फोडलीत!” मी म्हटलं, “जोडीच आहे. अर्धी तुमच्याकडे, अर्धी माझ्याकडे.” खूप हसलो दोघं. शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, “या दोघांना वेड लागलंय.”

ओळी सरळ यायला आता कागदावर दगड ठेवते. बघ, जमल्या का?

तुझी,
टाचणी


ता. १२ ऑक्टोबर

प्रिय टाचणी,

बसली असशील तर वाच, उभी असशील तर बस.

तीन आठवडे मामंजी पहाटे उठून जिन्याखालच्या एकदोरी मशीनवर बसत होते. आम्हाला वाटलं, मोडीत काढणार तिला. मंगळवारी त्यांनी मला हाक मारली, तेवीस दिवसांनी! हातात पँट. म्हणाले, “गोणी कधी उघडली आहेस का? शेपूट शिवण संपते तिथे असतं. तू कमरेकडून घोट्याकडे शिवलंस, म्हणून शेपूट बुटात गेलं. घोट्याकडून कमरेकडे शिवायचं. शेपूट वर आणायचं, पट्ट्याच्या आत वळवायचं, बटणाखाली दोन कच्च्या टाक्यांनी दाबायचं. हातमशीन घेऊन माकडचेष्टा करायच्या तर निदान डोकं तरी वापरावं.” टाचणी, ‘माकड’ म्हणाले तरी मला इतकं बरं वाटलं!

मग काय केलं माहीत आहे? तीच पँट स्वतः घातली आणि तपासणीस साहेबांच्या कचेरीत गेले. तुझा दादा बरोबर होता, त्याने येऊन सांगितलं. सगळ्या कारकुनांसमोर मामंजी साहेबांच्या टेबलावर आडवे झाले. फायली खाली. म्हणाले, “मला मांडीत गोळी लागलीय. कात्री घ्या, उघडा.” उजव्या पायाला जुनी दाबशिवण होती. साहेब घामाघूम झाले, घड्याळ लावून पाहिलं तर दीड मिनिट. मामंजी टेबलावरून म्हणाले, “मी मेलो. आता डावा पाय बघा. बटणाखालचा दोरा ओढा.” एक झटका, आणि घोट्यापर्यंत उघडी. कारकुनांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. आत दुसरी विजार होती, काळजी करू नकोस.

साहेबांनी दोन गठ्ठ्यांना परवानगी दिलीय. चालल्या तर पुढे बघू.

संध्याकाळी मामंजींनी आपण होऊन विचारलं, “टपाल आलं का?” मी हातमोज्यांचं पत्र वाचायला जिन्यात बसले, तर ते पाचव्या पायरीवर येऊन बसले. हातमोज्याशी आल्यावर म्हणाले, “पुन्हा वाच.” मी वाचलं. मग उठून गेले. तुझं मन किती मोठं आहे ते त्यांना कळलं असेल. पण असा एक-एक हातमोजा वाटत सुटलीस तर तुझा डावा हात काय गारठू द्यायचा?

ओळी सरळ आहेत.

तुझी,
वहिनी


ता. ८ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

आल्या! पँटी आल्या!

काल सकाळी पाच स्ट्रेचर एकदम आली. आमच्या दोन मुली आजारी, दारात मी आणि एक नर्स, बस. तिसऱ्या स्ट्रेचरवरचा माणूस पांढराफटक पडला होता. नर्स दुसऱ्याकडे होती. मी नोंदवही टाकून त्याच्याकडे धावले आणि पट्टा उलटला. निळी फुली. बटणाखाली लाल दोरा. बाबांनी शेपटाला लाल दोरा घातलाय, दिसायला सोपा पडावा म्हणून. तू हे लिहिलं नव्हतंस!

मी ओढला. एका हाताने, वहिनी! फक्त एका हाताने, आणि कमरेपासून घोट्यापर्यंत सगळं उघडं. मोठ्या बाई धावत आल्या, जखमेवर बोट दाबून धरलं. आज तो माणूस पेज प्यायला. मला विचारतो, “माझी नवी पँट कुठे गेली?”

मोठ्या बाईंनी तो दोरा हातात घेऊन बघितला. म्हणाल्या, “हे कोणाला सुचलं?” मी म्हटलं, “माझ्या बाबांना.” हे वाक्य उच्चारायला मला पाच महिने लागले.

त्यांना सांग. जिन्यात, मोठ्याने.

तुझी,
टाचणी


ता. २० नोव्हेंबर

प्रिय टाचणी,

सांगितलं. तुझ्या दादाने मशीनवरून उठून तोंड धुतलं, धूळ गेली म्हणे डोळ्यात. मी तर रडलेच. मामंजी मात्र हसले नाहीत. पाचव्या पायरीवर बसून राहिले आणि म्हणाले, “एका हाताने का?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“शिवण ओढताना एका हाताने कापड दाबून धरायचं. सात वर्षांची होती तेव्हापासून शिकवलंय. ती विसरणारी नाही. दुसरा हात काय करत होता?”

मी म्हटलं, “घाई असेल, मामंजी. किंवा माणसाचा हात धरला असेल.” ते खाली जाऊन वही घेऊन आले. कोरं पान उघडलं, वर तुझं नाव लिहिलं. ऐकतेस ना? नाव लिहिलं! म्हणाले, “तिकडे थंडी आहे. कोट शिवायचाय. मापं मागव. दोन्ही बाह्यांची.”

मी म्हटलं, “दोन्ही कशाला? आपण तर एकाच बाहीचं माप घेतो.”

“सांगतोय ते लिही. आणि तिला म्हणावं, मापात खोटं चालत नाही. कपडा अंगावर चढला की कळतंच.”

वय झालंय त्यांचं, जाऊ दे. पण मी आज इतकी आनंदात आहे! पान आलं परत. लवकर पाठव मापं, सगळी, सावकाश घेऊन.

तुझी,
वहिनी


ता. २ डिसेंबर

प्रिय वहिनी,

टेप नव्हती. बँडेजच्या पट्टीवर पेनाने इंच आखले आणि नर्सबाईंकडून मापं घेतली. खरी आहेत.

उंची ३८.
खांदा १४.
छाती ३१.
कमर २४.
उजवी बाही २२.
डावी बाही ९.

आता तुला कळलं असेल. बाबांना आधीच कळलंय, नाही तर त्यांनी असं विचारलं नसतं.

जूनमध्ये कात्रीने लागलं होतं ती जखम चिघळली. इथे चिघळायला फार काही लागत नाही, दिवसभर हात दुसऱ्यांच्या जखमांत असतात. मी लपवत राहिले, कारण हात दाखवला असता तर दारातून काढलं असतं. मग ताप चढला. मोठ्या बाईंनी माझ्या उशाशी बसून सांगितलं, हात ठेवला तर तू राहणार नाहीस. रागावू नकोस. तुम्हाला कळवलं असतं तर सगळ्यांनी एकच म्हटलं असतं, ‘गेली नसती तर झालं नसतं.’ ते ऐकायची ताकद तेव्हा नव्हती. आता आहे. म्हणायचं असेल तर म्हणा. आणि मला विचारशील तर, पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा जाईन. जखम मात्र पहिल्याच दिवशी दाखवेन.

एकच मागते. त्या पँटला कोणाची खूण होती, ते तू तेव्हा जिन्यात वाचलं नाहीस ना? आताही वाचू नकोस. कधीच नको.

तुझी,
टाचणी


ता. २१ डिसेंबर

माझी टाचणी,

किती कागद फाडले हे लिहायला. ओळी उतरणीला लागल्या म्हणून मी तुला चिडवलं होतं. हातमोजा दिलास म्हणून रागावले होते. देवा रे. मला सगळं लिहीत होतीस तू, आणि मी वाचत नव्हते.

तुझं पत्र आलं ते घेऊन मी सवयीने सहाव्या पायरीवर बसले, आधी मनात वाचलंच नाही. मामंजी पाचव्या पायरीवर, मांडीवर वही, कानाला पेन्सिल. मी मापं वाचत गेले, ते लिहीत गेले. उजवी बाही बावीस. पुढचा आकडा दिसला आणि मी थांबले.

त्यांनी वर न बघता विचारलं, “किती?”

“नऊ.”

त्यांनी नऊ लिहिलं. अक्षर हललं नाही. पुढचं जखमेचं मी वाचलं, शेवटचं तुझं मागणं तेवढं गाळलं. मग म्हणाले, “ते कात्रीचं पत्र आहे का तुझ्याकडे? वाच.” मी आणलं. ‘जरासं लागलं’ एवढंच वाचलं.

“त्या पँटला खूण होती का कोणाची?”

“नाही, मामंजी. तसं काही लिहिलेलं नाही.”

लग्न होऊन या घरात आले त्याला अकरा वर्षं झाली. त्यांच्याशी मी पहिल्यांदा खोटं बोलले. ते म्हणाले, “बरं.” आणि जिना उतरून गेले. खाली गेल्यावर कठडा धरून उभे राहिले, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही. दार ढकलून पाहिलं तर मामंजी आरशासमोर उभे. डावा हात टेपने छातीशी गुंडाळून बांधलेला, आणि एका उजव्या हाताने ते कोटाची बटणं लावून बघत होते. लहान बटण बोटांतून निसटायचं. मोठं घेतलं, तर आडव्या काजात शिरेना. काज तिरकं केलं, बटणाला दोऱ्याची उंच मान दिली. असं तीन दिवस चाललं. जेवलेसुद्धा एकाच हाताने. मी सोडायला गेले तर म्हणाले, “राहू दे. तिचा सुटतो का?”

तुझ्या दादाने सगळी काजं केली. शेवटी सुई ठेवताना म्हणाला, “हिला मी लहानपणी डाव्या हाताला धरून शाळेत न्यायचो.”

कोट सोबत आहे. डावी बाही बरोबर नऊ इंचांची आहे, टोकाला बंद, आतून मऊ अस्तर. रिकामी बाही दुमडून वर अडकवायची, तसलं काम त्यांनी केलं नाही. म्हणाले, “आहे तेवढ्या हाताला पूर्ण बाही पाहिजे.”

मापं सांगितल्यावर कपडा बसणारच, तरी त्यांचा निरोप असा: “कुठे ओढत असेल, सैल पडत असेल, तर टपालाने परत पाठवू नको. अंगावर घालून घेऊन ये. अंगावर पाहिल्याशिवाय शिंप्याला कळत नाही. सवड होईल तेव्हा. तिथलं काम टाकून नको.”

मी सगळीकडून तपासलाय. एकच राहिलंय. गळ्याच्या आत दुकानाची निळी फुली नाही. मी आठवण केली. मामंजी कोटाची घडी घालत होते. घडी मोडली नाही, वरसुद्धा बघितलं नाही. म्हणाले, “नको. तिला ओळखू येईल.”

तुझी,
वहिनी